सामाईक भिंत

राजूरच्या खाणवस्तीत विमलताईंच्या आणि शेजारच्या क्वार्टरची भिंत एकच होती. पलीकडे आधी तेलंगी मल्लम्मा राहिली, मग बिहारची बबिता, शेवटी बंजाऱ्यांची जमनी. बाया बदलल्या, पण मल्लम्माची रीत राहिली. दुपारी चहा झाला की आलं कुटायच्या बत्त्यानं भिंतीवर ठोके द्यायचे. जितके कप भरले, तितके ठोके. बोली कळो न कळो, ठोका कळायचा. मुलगा पिंटू मारेगावला राहायला गेल्यापासून विमलताईंसाठी एकच वाजायचा. मग खाण बंद पडली आणि जमनीही गेली. मागच्या महिन्यात मशीननं सारी ओळ पाडली. विमलताई हटल्या नाहीत, म्हणून त्यांचं क्वार्टर आणि ती भिंत तेवढी राहिली. आज पिंटू आईला न्यायला आला होता. गाठोडं बांधता बांधता तो म्हणाला, "ठोका ऐकू येते म्हनतं रोज. भास होते तुले, माय." "असंन बापा," विमलताई म्हणाल्या. तेवढ्यात भिंत एकदा वाजली. पिंटूच्या हातातली दोरी सुटली. तो बाहेर धावला, भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला. तिथं नुसतं ऊन आणि बेशरमाची झुडपं. धापा टाकत तो परत आला. "कोनीच नाही, माय!" विमलताईंनी ओठांवर बोट ठेवलं. त्या अजून भिंतीला कान लावून बसल्या होत्या. भिंत पुन्हा वाजली. विमलताई पदर सावरून उठल्या. "चाल," त्या हसून म्हणाल्या, "तुयाबी कप भरला तिनं."