स्वस्तातली रायफल

रानडुकराच्या शिकारीच्या गेल्या हाक्यात तिहोमीरच्या गोळीनं त्याचाच भाऊ गेला. “झुडूप हाललं, डुक्कर वाटलं,” म्हणत तो ढसाढसा रडला होता. आज तो नवी रायफल घ्यायला आला, तेव्हा वेलिबोरनं दुकानातली सगळ्यात महागडी पुढे केली.

“पैशांकडे बघू नकोस. हिच्या दुर्बिणीतून मिशीचे केससुद्धा मोजशील.”

तिहोमीरनं ती डोळ्याला लावून खिडकीबाहेर धरली. समोरच्या गुत्त्यात त्याचा मेव्हणा, भाऊ गेल्यावर त्याच्या गिरणीत उरलेला एकमेव भागीदार, राकिया ढोसत होता.

“नको. बिनदुर्बिणीची, स्वस्तातली दे.”

“अरे वेड्या, दुर्बीण माझ्याकडून फुकट! पुन्हा तसलं पाप नको.”

“नको म्हटलं ना!”

स्वस्तातली खांद्याला अडकवून तो दारात थबकला. “हाक्याच्या जागा तूच ठरवतोस ना, वेलिबोर? रविवारी मेव्हण्याला भावाच्या जागेवर उभा कर.”