एकमतानं

मेहिटाबेलनं भर प्रार्थनासभेत विचारलं होतं, "दुसरी बायको करायची आज्ञा देवाची, की तुम्हा पुढाऱ्यांची?"

तिला मंडळीतून काढायचा ठराव पंथानं वसवलेल्या नॉवू गावातल्या वडीलधाऱ्यांपुढे आला, तेव्हा तिचा नवरा फायलोही त्यांच्यातच बसला होता. बायको चुकली की पुढारी, हेच त्याला उमगेना. पुढारी खोटे म्हणावेत, तर त्यांच्या शब्दावर घरदार सोडून इथवर आलो ते काय?

घरी मेहिटाबेलनं त्याच्यापुढे मक्याचा पाव ठेवला.

"काढलं मला?"

"हो."

"माझ्या बाजूनं कोणीतरी उभं राहिलं असेल ना?"

फायलो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.

"ठराव एकमतानं झाला," तो म्हणाला.