सरकारी गाडी

आमच्या क्री आदिवासींच्या वस्तीच्या वाटेवर सरकारी गाडी दिसली, तशी फिलोमेना आजी पिठाच्या हातांनीच नातीला ओढत मागच्या झाडीत शिरली. आजी सात वर्षांची असताना अशाच गाडीने तिला उचलून आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या दूरच्या निवासी शाळेत नेलं होतं. तिचा बाप तेव्हा समुद्रापार याच सरकारसाठी लढत होता. तो तिकडेच पडला.

"अगं आजी, मी बावीस वर्षांची घोडी! मला कोण नेतंय?" रोशेल हसली.

"गप! श्वाससुद्धा घेऊ नकोस."

गणवेशातल्या दोघांनी दार ठोठावलं, हाका मारल्या आणि शेवटी दारात एक पत्र खोचून ते निघून गेले. गाडी दिसेनाशी झाल्यावर रोशेलने ते धावत जाऊन आणलं.

"आजी, लढाईत गेलेल्या आपल्या आदिवासी सैनिकांचं स्मारक उभारलंय. त्यावर तुझ्या बाबांचं नाव कोरलंय! अनावरण तुझ्याच हातून आहे. शनिवारी तुला न्यायला गाडी येणार."

आजीने पत्राला हात लावला नाही.



"आणि परत आणून सोडणार, असं लिहिलंय का त्यात?"