भेटीला आलेली सफरचंदं

"पप्पा, पाय बरा झाल्यावर मला परत सायकल शिकवाल?" हे विचारायची तिची हिंमत होणार नाही अशी मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून दिशानं एकदाचं विचारून टाकलं.

आईनं झारा कढईवर आपटला. "एक पाय शिल्लक हाय त्यांचा. तेवढा तरी राहू दे."

प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर टाकून पप्पा सफरचंदाच्या चकत्या करत होते. भेटायला येणारा जो तो सफरचंदंच आणत होता. खाऊन खाऊन सगळे कंटाळले, तेव्हा आईनं गूळ-पिठात बुडवून त्यांची भजी काढायला घेतली होती.

दिशानं घाबरत चकती उंचावरूनच टाकली. तेल उडालं.

"जवळ नेऊन सोड गं," आई म्हणाली.

"माझ्यामुळंच पडलात ना तुम्ही?" दिशाचा आवाज बारीक झाला. "कॅरिअर धरून पळत होतात, आणि मी ब्रेकच नाही मारला."

"कुठलं कॅरिअर? ते मी देवळापाशीच सोडलं हुतं. तू एकटीच चालली हुतीस, लई भारी. तुझ्याकडं बघत पळत हुतो, खड्डा दिसलाच न्हाई."

दिशानं पुढची चकती अलगद तेलात सोडली.

"उद्या शाळेला मी सायकलनं जाणार," तिनं दोघांना सांगून टाकलं, "आणि येताना पप्पांना केळी आणणार."