चौघांचा वाटा

आईनं लोण्याचा चमचा पुढे केला आणि सुनेनं नवऱ्याच्या ताटावर हात आडवा धरला.

चमचा तसाच अधांतरी राहिला. या घरात मुलाच्या ताटावर आजवर कुणी हात धरला नव्हता.

"का गं, माझ्या वाढण्याची नजर लागते का त्याला?" आई हसत म्हणाली, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"तसं नाही, आई." सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पावाकडे. तो शिंपी. दिवसभर जगाच्या कमरा मोजायचा, स्वतःची तेवढी सोडून. एरवी त्याच्या तोंडाला खीळ नसायची. आज मात्र ओठांत टाचण्या धरल्यासारखा गप्प होता.

"दवाखान्यातून आल्यापासून तुमची दोघांची नुसती कुजबूज," बाबा मुलाला म्हणाले. "पैलवान, बोल की काहीतरी."

"रिपोर्ट आला," पैलवान म्हणाला. "माझा."

आईनं चमचा बशीत ठेवला. चार वर्षांत रिपोर्ट आले ते सुनेचे, सुया टोचल्या त्याही तिलाच. दर खेपेला आई सोबत गेली होती. दर खेपेला सगळं ठीक निघायचं आणि सासूसुना मुकाट घरी यायच्या. मुलाला तपासावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढा धडधाकट गडी, त्याचं काय तपासायचं?

सून शाळेत शिकवायची. तिनं कागदाची घडी उलगडली आणि धडा समजावून सांगावा तसं सांगितलं. शुक्राणू कमी आहेत, आणि आहेत तेही मंद. सासऱ्यांसमोर तो शब्द उच्चारताना तिचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. रोज इतकं लोणी, साय, तळलेलं पोटात जायला लागलं, वजन वाढलं, की पुरुषाचंही बिघडतं, असं डॉक्टर म्हणाले. हेच एक कारण असेल असं नाही. पण तीन महिने हे सगळं कमी करायचं, रोज चालायचं, मग पुन्हा तपासायचं. नवे तयार व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात.

"मग होईल ना?" आईनं विचारलं.

"खात्री नाही दिली त्यांनी. पण आशा आहे म्हणाले."

"तरी मी म्हणतच होतो—" बाबांनी तोंड उघडलं.

"तुम्ही काही म्हणत नव्हता," आई म्हणाली. "तुम्ही तुमची साय गुपचूप त्याच्या वाटीत सरकवत होता."

ते खरंच होतं. छातीत कळ आल्यापासून बाबांना साय बंद होती आणि टाकवत तर नव्हती. सूनही, बिचारा दमून येतो म्हणून, आपल्यातलं अर्धं त्याला द्यायची.

"डॉक्टरांनी विचारलं, एकटा माणूस एवढं खातो?" पैलवान खाली मान घालून म्हणाला. "म्हटलं, एकट्याचं नाही हो. चौघांचं."

चौघांचं. आईनं मनाशी मोजलं, आणि चौथा वाटा कुणाचा ते तिला कळलं.

नातवंडाचं तोंड पाहीन तेव्हाच लोणी चाखीन, असा तिनं चार वर्षांपूर्वी देवापुढे नेम धरला होता. एक दिवसही चुकली नव्हती. आणि रोज आपल्या वाटचं लोणी, वाया कशाला घालवायचं म्हणून, मुलाच्या पावावर थापत आली होती.

"म्हणून तर तुला सांगू नको म्हणत होतो हिला," पैलवान पुटपुटला.

आई उठून आत देवघरात गेली. सून मागोमाग निघाली, तशी बाबांनी तिला खूण केली. "थांब जरा. दोघांचं जुनं आहे, मिटवतील ते."

देवासमोर बसल्यावर आईला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. "मी सोडलं सोडलं म्हणत होते," ती हळूच म्हणाली, "आणि टाकत कुठं होते, ते तुला दिसत होतं ना? मग एकदा तरी हात धरायचास माझा."

मग ती थबकली. आज धरलाच होता की कुणीतरी, ताटावर आडवा.

ती बाहेर आली. सुनेच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला, केस विस्कटेपर्यंत. "चार वर्षं तुलाच धीर धर म्हणत राहिले गं," एवढंच बोलली. मग खुर्ची ओढून बसली, पावाच्या दोन तुकड्यांना जाडसर लोणी लावलं, एक सुनेच्या ताटात ठेवला आणि दुसरा स्वतः उचलला.

"अगं, नेम?" बाबा चमकले.

"ज्याच्यापुढे धरला, त्यालाच विचारून आले. यापुढे ज्याचा वाटा त्यानंच संपवायचा." आईनं बाबांची सायीची बशी उचलून खिडकीतल्या मांजरापुढे ठेवली. "तुमचा मांजराच्या पोटात."

तिनं घास घेतला. चार वर्षांनी. डोळे आपोआप मिटले.

"मेलं, काय चव असते याची!"

पैलवान काकडीची फोड चघळत बघत होता. लहानपणी खाऊकडे बघायचा तसा.

"आई," तो शेवटी म्हणाला, "जरा तिकडे तोंड करून खा ना."

आईनं मुकाट्यानं खुर्ची वळवली आणि वर्गात शिक्षा झालेल्या पोरीसारखी, भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. थोड्या वेळानं तिच्या शेजारी सुनेचीही खुर्ची वळली.