शुक्रवारची कुलपं

"हे कुणाचं?" सुपरवायझर ब्रेटने विचारलं.

मेन स्विचच्या कडीला कुलपांचा घड लटकला होता. प्रत्येक कुलपाला लाल पट्टी, पट्टीवर मालकाचा फोटो आणि खाली 'धोका. काम चालू आहे.' कडीतली भोकं संपली म्हणून कुणीतरी दुसरी कडी आणून तिच्यात अडकवली होती. मग तिच्यात तिसरी.

"माझं," पॅकिंगमधला सिओने म्हणाला.

"तू यंत्रावर काय काम करतोयस?"

"बघतोय."

"बघणं हे काम झालं?"

"तू दिवसभर तेच करतोस, ब्रेट."

नियम साधा होता. यंत्राला हात लावणाऱ्याने आपलं कुलूप घालायचं, आणि ते त्यानेच काढायचं. दुसऱ्या कुणी नाही, मॅनेजरनेसुद्धा नाही. आत कुणी वाकलेलं असताना बाहेरून कुणी बटण दाबू नये, म्हणून. हा नियम माणसांचे जीव वाचवायला केला होता. आज तो काय वाचवत होता, ते कुणी बोलत नव्हतं.

यंत्र म्हणजे नासपतीचे डबे खोक्यात भरणारा लोखंडी हात. तो उभारला होता व्योसाने. ऑटोमेशनच्या डिप्लोमाची तिची शेवटची परीक्षा तोच होता. आज तो चालला की ती पास, आणि सोमवारपासून याच कारखान्यात नोकरी. कुलपं होती ती आजवर हे डबे हाताने भरणाऱ्यांची.

कॉलेजातून आलेले परीक्षक ॲलिस्टर घडाभोवती एक चक्कर मारून आले.

"खरं सांग," ते हळूच म्हणाले, "तुझं यंत्र चालत नाहीये ना?"

"चालतं."

"मग ही कुलपं तूच घालायला लावलीस, असं मला का वाटतंय?"

व्योसा चहाच्या खोलीत गेली. तिची आत्या, नेजमिये, घरून आणलेल्या बोरेकचा, पालक भरलेल्या खुसखुशीत पापुद्र्यांचा, तुकडा खात बसली होती. पॅकिंगमध्ये तिच्याइतकं जुनं कुणी नव्हतं.

"आत्या, हे डोकं तुझं ना?"

"कसलं डोकं? मी आपली पुसायला गेले होते."

"काय पुसलंस?"

"अजून पुसायचंय."

"मी नापास होईन."

"आठवडाभर माझ्या मागे घड्याळ घेऊन उभी होतीस," आत्या म्हणाली. "मला वाटलं, पोरीला माझी काळजी वाटते. शेजारणीलाही सांगितलं मी तसं."

"तुला कुणी काढणार नाहीये."

"कोण म्हणालं?"

"ब्रेट."

दोघींनी दाराकडे पाहिलं. ब्रेट तिथे आग लागल्यास काय करावे हा फलक मन लावून वाचत होता. तो फलक त्याने आजवर वाचला असल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"बोरेक खा," आत्या म्हणाली. "विष नाही घातलेलं."

व्योसाने तुकडा उचलला, आधी वास घेतला, मग खाल्ला.

नियमाला एक शेपूट होतं. कुलूप तसंच ठेवून कुणी घरी गेला तर त्याला परत बोलावत. झोपेतून, पबमधून, कुठूनही. पॅकिंगमधल्या कार्मेलोला एकदा मुलीच्या लग्नातून बोलावलं होतं. तो सुटात आला, कुलूप काढलं आणि परत जाईपर्यंत केक संपला होता.

आणि आज शुक्रवार होता.

भोंगा झाला आणि एकजूट रांगेत उभी राहिली. सिओनेने कुलूप काढलं, कारण मॅच होती. कार्मेलोने काढलं आणि "मनाने मी इथेच आहे" असं सांगून तो सगळ्यांच्या आधी गेटबाहेर पडला. घड एकेक करून झडला. आत्यानेही काढलं. ती व्योसाच्या गाडीतून घरी जायची, आणि व्योसा हलायची चिन्हं नव्हती.

शेवटी एकच कुलूप उरलं. ॲलिस्टरनी पट्टीवरचा फोटो पाहिला, मग व्योसाकडे पाहिलं.

"हे तर तुझंच आहे," ते म्हणाले. त्यांचा संशय जवळजवळ आनंदी झाला होता.

यंत्र उभारताना सगळ्यात आधी घातलेलं तेच. व्योसाने खिशातून किल्ली काढली. ती काही वेळ तशीच धरून उभी राहिली. आत्या छताकडे बघत होती.

मग तिने कुलूप काढलं.

लोखंडी हात उठला. डबा उचलला, वळला, खोक्यात ठेवला. पुन्हा डबा. ना आवाज, ना धक्का. ॲलिस्टर लिहायला लागले. ब्रेटने टाळी वाजवली, आणि आपण एकटेच वाजवतोय हे कळल्यावर ते हात खिशात घातले.

आत्या जवळ आली. खोक्यातला एक डबा जरासा तिरका होता. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने हात घालून तो सरळ केला.

यंत्र जागच्या जागी थांबलं.

"मोडलं?" आत्याने दचकून हात मागे घेतला. यंत्र चालू झालं.

"मोडलं नाही," व्योसा म्हणाली. "माणूस आत आला की ते थांबतं. मी तसंच केलंय. कुणाला लागू नये म्हणून."

"उत्तम," ॲलिस्टर लिहिता लिहिता म्हणाले. "याचे वेगळे गुण आहेत."

आत्याने पुन्हा हात आत घातला. यंत्र थांबलं. काढला. चालू. घातला. थांबलं.

"ऐकतं गं हे," ती म्हणाली.

या वेळी तिने हात काढला नाही.

ॲलिस्टरनी थोडा वेळ वाट पाहिली. ब्रेटने घसा खाकरला. लोखंडी हात डबा घेऊन हवेत तसाच अधांतरी होता.

"आता हे पुन्हा कधी चालू होणार?" ॲलिस्टरनी विचारलं.

"तिने हात काढल्यावर," व्योसा म्हणाली.

आत्याने दुसऱ्या हाताने स्टूल ओढलं आणि ती बसली.