पिस्ता रंगाची भिंत

भिंत पिस्ता रंगाची झाली होती. गुंजनच्या खांद्यावरून दप्तर घसरलं ते फाटकातच पडलं.

"कशी दिसते वं?" आईनं विचारलं. तिच्या हातात ब्रश होता आणि गालावरही पिस्ता होता. "आज त्या नगररचनावाल्या मॅडम येऊन राहिल्या ना! घर कसं झकास दिसलं पाहिजे."

"आई वं! डाग कुठं गेला?"

"दोन हात मारले, तेव्हा गेला मेला!"

रडावं की ओरडावं, तेच गुंजनला कळेना. मॅडम मुळी तो डागच बघायला येत होत्या!

मनीषनगरच्या या गल्लीत घरं चारच. समोर नाला, आणि नाल्याच्या काठावर बिल्डर भैयाजींचं तीन मजली ऑफिस होऊ घातलेलं. त्यासाठी ते पुरुषभर उंच भराव टाकणार होते. म्हणजे नाला निम्मा होणार आणि मावलं नाही ते पाणी सरळ गल्लीत शिरणार. भैयाजींचं म्हणणं, इथं पूर येतच नाही. गुंजननं ठणकावून हरकत लिहिली होती: 'येतो. दोन वर्षांपूर्वी छातीएवढा आला. भिंतीवरचा डाग येऊन बघा.' शाळेच्या वादविवादात नुकतीच पहिली आलेली पोरगी! साऱ्या गल्लीनं न वाचताच, डोळे मिटून सह्या केल्या होत्या.

ती शेजारी धावली. चंपतकाकांची भिंत पिस्ता. त्यापुढची दोन्ही घरं पिस्ता.

"तुह्या मायनं एकच मोठा डबा आणला न् चौघांत वाटला," चंपतकाका कौतुकानं म्हणाले. "गल्ली कशी चमकून राहिली, पाह्य!"

लकवा झालेले तिचे आजोबा, बापूजी, आतल्या खाटेवर पडून होते. त्या पुरात आईबाबांनी त्यांना उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं होतं. ओट्यावरही पाणी चढलं, तेव्हा आई त्यांना कवटाळून उभी होती. "माह्या पाठीमागं भिंत आहे ना, मामंजी," असं म्हणत. नाला निम्मा झाल्यावर त्यांना कुठं बसवायचं?

फटफटीचा आवाज आला. मॅडम आल्या. बुटक्याशा, उन्हानं लालबुंद. मागून पांढरे बूट घातलेले भैयाजी, मॅडमवर छत्री धरून.

"डाग कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"होता," गुंजन म्हणाली. एवढा एकच शब्द सुचला तिला.

"फोटो आहेत?"

"फोटो काढाचे का जीव वाचवाचा, मॅडम?" चंपतकाका म्हणाले. "मोबाइल तर पहिल्या झटक्यात वाहून गेले."

भैयाजी गोड हसले. "मॅडम, भिंती पाहा ना. नव्या नवरीवानी! पूर आलेली घरं अशी दिसतात का?"

मॅडमनी चारही भिंती निरखल्या. बोट लावून पाहिलं. बोटाला ओला पिस्ता लागला. "हे बघ बाळ," त्या गुंजनला म्हणाल्या, "मला डोळ्यांनी दिसतं तेच लिहावं लागतं. मनात आलं म्हणून नाही लिहिता येत."

आत बापूजी खोकले.

मॅडम निघाल्या आणि फाटकाशी थबकल्या. "टॅब बंद पडतोय. शेरा इथूनच पाठवायचा असतो. ताई, जरा चार्जिंगला लावता येईल?"

"या ना, या!" आई फुलली. साहेबीण घरात येते म्हणजे काय! भैयाजीही दारापर्यंत आले.

मॅडम चार्जर हातात घेऊन खोलीभर फिरल्या. दाराशी बघितलं, टीव्हीमागं बघितलं, खाटेखाली वाकून बघितलं. "बोर्ड कुठं आहे?"

आईचा चेहरा उतरला. पाहुण्यांपुढं फुटकी कपबशी निघावी तसा. तिनं पदर सारखा केला आणि छताकडं बोट दाखवलं. मॅडमनी टाचा उंचावल्या, तरी हात पोचेना.

"एवढ्या वर कशाला?"

"वाईट दिसते, समजते मले," आई ओशाळून म्हणाली. "पण त्या पुरात बटणं बुडाली न् पाण्यात करंट उतरला. मंग आमी चारही घरांनी बोर्ड वर चढवले. थांबा, स्टूल आणतो."

"माह्याकडं तर शिडीच लागते!" चंपतकाका बाहेरून ओरडले.

मॅडम स्टुलावर चढल्या. चार्जर त्यांनी परत पर्समध्ये टाकला, मोजायचा टेप काढला. एक टोक बोर्डाला लावलं आणि दुसरं दाराशी उभ्या भैयाजींकडं सोडलं.

"भैयाजी, हे जरा खाली जमिनीला टेकवून धरा."